ओल आधी शोधायची, हवेचा नमुना नंतर

बुरशीची तपासणी ठरली की पहिली सूचना आम्ही फोनवरच देतो: काही पुसू नका, रंग लावू नका, कपाट रिकामं करून उन्हात वाळवू नका. कुणी येणार म्हटलं की घर आवरायची आपली सवय इथे आड येते. फिनेलने पुसलेल्या भिंतीत ओल तशीच असते, फक्त ती कुठवर चढली होती हे दाखवणारी काळी रेघ नाहीशी झालेली असते. ज्या खोलीचा त्रास आहे तिची दारं-खिडक्या आदल्या रात्रीपासून, साधारण १२ तास, बंद ठेवायची. सकाळी उदबत्ती नको, झाडू नको, आमचं काम होईपर्यंत फोडणीही नको. यातल्या प्रत्येक गोष्टीने हवेत कण उडतात आणि ते नमुन्यात येऊन बसतात.

इथे जी तपासणी सांगतो आहोत ती ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीतली, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली. सातवा मजला, दोन बेडरूमचं घर. कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, चामड्याच्या पट्ट्यांवर पांढरट बुरशी, पॅसेजच्या भिंतीवर काळे ठिपके आणि धाकट्या मुलाचा न हटणारा खोकला, अशी तक्रार होती. घरच्यांचं निदान आधीच झालेलं होतं. "वरच्यांचं बाथरूम गळतंय हो, दुसरं काय!" असं आजोबांनी दारातच सांगितलं. दोन वर्षांत भिंत दोनदा रंगवून झाली होती, दुसऱ्या वेळी बुरशीविरोधी रंगाने.

उपकरणांची बॅग उघडायच्या आधी अर्धा तास आम्ही फक्त विचारतो. ठिपके पहिल्यांदा कधी दिसले? पाऊस आठ दिवस थांबला तर डाग फिका पडतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मे महिन्यात ही जागा कशी असते? मे महिन्यातही ओली राहणारी भिंत पावसाने ओली होत नसते, तिच्यामागे नळाचं किंवा बाथरूमचं पाणी असतं. या घरात उत्तरं तीन प्रकारची आली. पश्चिमेच्या खिडकीखालचा कोपरा दिवाळीनंतर कोरडा होतो. कपाटाचा वास बारा महिने असतो. पॅसेजमधले ठिपके मात्र बेडरूममध्ये नवा एसी लागल्यापासूनचे. तीन ठिकाणी तीन वेगळ्या सवयी, म्हणजे पाणीही बहुधा तीन वाटांनी येत असणार, हा अंदाज तिथेच बांधला.

मग वास. बंद ठेवलेली खोली उघडताच दारात उभं राहून वास घ्यायचा, कारण नाक काही मिनिटांत सरावतं आणि मग काहीच कळत नाही. घरच्यांना वास येत नाही त्याचं कारणही हेच. वाढणारी बुरशी वायुरूप रसायनं सोडते, मातकट वास त्यांचाच असतो. दार उघडलं की तो कुठून जास्त येतो, खालून की वरून, कपाटाच्या फटीतून की एसीच्या झडपेतून, हे लिहून ठेवायचं.

पहिलं यंत्र साधं आर्द्रतामापक. त्या दिवशी पॅसेजमध्ये तापमान २९ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८२ टक्के होती. यावरून दवबिंदू निघतो सुमारे २५.६ अंश. म्हणजे पॅसेजमधली जी वस्तू २५.६ अंशांपेक्षा थंड असेल तिच्यावर हवेतलं पाणी जमणार. पॅसेज आणि बेडरूम यांच्यामध्ये चार इंची विटांची भिंत. बेडरूमच्या बाजूने एसीचा झोत रात्रभर थेट तिच्यावर, २२ अंशांवर. पॅसेजच्या बाजूने भिंतीचं पृष्ठतापमान मोजलं तर २४.५. एका आकड्याने उलगडा झाला: पॅसेजच्या या भिंतीत गळती नव्हती, थंडगार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं भिंतीला सुटत होतं. काळे ठिपकेही बरोबर झोताच्या उंचीवर, पट्ट्यासारखे. असल्या भिंतीला वॉटरप्रूफिंग करणं म्हणजे पैसे वाया घालवणं, आणि अशी कामं झालेली आम्ही पुष्कळ घरांत पाहतो.

बुरशीला भिंत निथळत असण्याचीही गरज नसते. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की रंगातलं, धुळीतलं, प्लायमधलं खाद्य तिला पुरतं. पाण्याने चांगलीच भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही तर वाढ सुरू होऊ शकते. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा असा सल्ला असतो. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये खिडक्या उघड्या ठेवून हे जमत नाही. म्हणून इथे निदान भिंत थंड होऊ न देणं आणि वस्तूंमागे हवा खेळती ठेवणं याला जास्त महत्त्व.

आता ओलावामापक. याचे दोन प्रकार. एकाला दोन टोकदार पिना असतात, त्या टोचून मधला विद्युतरोध मोजला जातो. दुसरा भिंतीला नुसता टेकवायचा, तो पृष्ठभागाखालच्या इंचभर थरातला फरक दाखवतो. यंत्रावर दिसणारा आकडा लाकडासाठी जुळवलेला असतो. लाकडात १६ टक्क्यांच्या खाली ठीक आणि २०च्या वर गेलं की बुरशीला रान मोकळं, हे खरं. प्लास्टरवर मात्र तोच आकडा टक्के म्हणून वाचायचा नाही, तो केवळ तुलनेसाठी. म्हणून आधी घरातली एक नक्की कोरडी, आतली भिंत निवडून तिचं वाचन घ्यायचं. इथे हॉलच्या भिंतीवर ९ आलं. तो आमचा पाया.

मग संशयित भिंतीवर दर ३० सेंटिमीटरवर पेन्सिलीने खूण करत, जमिनीपासून वर आणि डावीकडून उजवीकडे, प्रत्येक बिंदूचा आकडा भिंतीवरच लिहायचा. काम कंटाळवाणं, पण तपासणीचा जीव यातच आहे. एकेका आकड्यावरून काही ठरत नाही, उतार पाहावा लागतो. बेडरूम आणि बाथरूमच्या सामाईक भिंतीवर, कपाटाच्या शेजारी जेवढी जागा मोकळी होती तिथे, जमिनीलगत ३१, फुटावर २८, दोन फुटांवर २२, तीन फुटांवर १४ आणि छताजवळ पुन्हा ९. वरच्यांचं पाणी असतं तर आकडे छताकडून खाली उतरत आले असते. इथे पाणी तळातून वर चढत होतं. आजोबांना तो भिंतीवरचा जिना दाखवला, तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आपलंच बाथरूम."

इथे एक फसगत हमखास होते. पापुद्रे सुटलेल्या, लोणा लागलेल्या भिंतीत क्षार असतात, आणि क्षारांतून वीज सहज जाते. त्यामुळे पिनांचं मापक वाळलेल्या भिंतीवरही भलामोठा आकडा दाखवतं. पांढरी भुरी बुरशी आहे की लोणा, हे आधी ठरवायचं: थोडं पाणी फवारलं तर लोणा विरघळतो, बुरशी नुसती चिकटून बसते. क्षारांचा संशय असेल तर भिंतीत बारीक भोक पाडून निघालेली भुकटी कार्बाइडच्या बंद बाटलीत घालायची. ओलाव्याशी कॅल्शियम कार्बाइडचा संयोग होऊन वायू तयार होतो आणि बाटलीवरचा काटा त्याच्या दाबावरून ओलावा सांगतो. क्षारांचा यावर परिणाम होत नाही. भिंतीतली लोखंडी जाळी किंवा पाइपही न टोचता चालणाऱ्या मापकाला फसवतात, म्हणून दोन्ही प्रकार जवळ लागतात.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल लोकांना फार अपेक्षा असते. पडद्यावर निळा डाग दिसला की "बघा, पाणी!" असं होतं. कॅमेरा पाणी बघत नाही, तो पृष्ठभागाचं तापमान बघतो. ओल वाफ होऊन उडताना जागा थंड होते म्हणून ती निळी दिसते, पण एसीचा झोत, काँक्रीटचा बीम आणि बाहेरची सावलीही तशाच निळ्या दिसतात. चकचकीत टाइल तर समोरच्या माणसाचीच उष्णता परावर्तित करते. आत-बाहेर तापमानात फरक नसेल तर कॅमेरा काहीच दाखवत नाही, म्हणून आधी तासभर एसी चालवून घ्यायचा. निळ्या जागी मापक टोचून खात्री झाल्याशिवाय ते चित्र अहवालात घालू नये, असं आमचं ठाम मत आहे. इथे कॅमेऱ्याने एक चांगली गोष्ट दाखवली: खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका उतरणारा एक पट्टा. मापकानेही तिथे २६ दिलं. आपल्याकडे मोसमी पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्याचा मार पश्चिम आणि दक्षिण भिंतींवर. ॲल्युमिनियमच्या चौकटीखालचं सिलिकॉन सुटलं होतं आणि बाहेरच्या गिलाव्यात, सिलच्या टोकापासून, केसाएवढी भेग होती. एवढी भेग वाऱ्याच्या दाबाखाली पाणी आत घ्यायला पुरते.

आता हवेचा नमुना. कपाटाला हात लावायच्या आधीच तो घ्यायचा, कारण मागची फळी हलली की लाखो बीजाणू उडतात आणि मग खोलीतली नेहमीची हवा मिळत नाही. बीजाणू पकडायची एक छोटी प्लास्टिकची डबी असते, आत चिकट लेप लावलेली काचपट्टी. पंप तिच्यातून मिनिटाला १५ लिटर हवा ओढतो. पंपाचा वेग रोटामीटर (हवेचा प्रवाह मोजणारी नळी) लावून दर वेळी तपासायचा, पंपावर छापलेल्या आकड्यावर जायचं नाही. ५ मिनिटं चालवला की ७५ लिटर. खोलीत बांधकामाची धूळ असेल तर मिनिटभरच, नाहीतर काचपट्टी इतकी भरते की सूक्ष्मदर्शकाखाली काही मोजता येत नाही. डबी तिपाईवर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला.

किमान तीन नमुने: तक्रारीची खोली, घरातली बरी खोली आणि बाहेरची हवा. बाहेरचा नमुना नसेल तर आतल्या आकड्याला काही अर्थ नाही. तो पाऊस चालू असताना घेऊ नये. पाऊस काही बीजाणू हवेतून धुऊन काढतो, तर काही बुरश्या ओल्या हवेतच बीजाणू सोडतात, आणि तुलनाच बिघडते. त्या दिवशी सर थांबून दोन तास होईपर्यंत आम्ही गच्चीवरचा नमुना घेतला नाही.

अहवाल वाचताना हिशेब कळला पाहिजे. ७५ लिटरमध्ये एक बीजाणू सापडला की अहवालात घनमीटरला १३ असा आकडा येतो. प्रयोगशाळेने काचपट्टीचा चौथा हिस्साच मोजला असेल तर तोच एक बीजाणू ५३ होतो. म्हणून आतला ५३ आणि बाहेरचा १३ पाहून घाबरायचं कारण नाही, तो एकेका बीजाणूचा खेळ असू शकतो. मोजलेले कच्चे आकडे आणि मोजलेला हिस्सा अहवालात मागून घ्या. या घरात क्लॅडोस्पोरियम बाहेर ३,०००, बेडरूममध्ये १,२००. हे अगदी नेहमीचं, ही बुरशी पानापाचोळ्यावर वाढते आणि बाहेरूनच येते. ॲस्परजिलस-पेनिसिलियम गटाचं मात्र उलटं होतं: बाहेर ४००, हॉलमध्ये ५००च्या आसपास, बेडरूममध्ये २,१३३. आतल्या आत वाढ आहे असं म्हणायला एवढा आधार पुरतो. या दोन बुरश्यांचे सुटे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून अहवालात त्यांचा एकच गट येतो. नेमकी जात हवी असेल तर माल्ट अगरच्या, म्हणजे बुरशीचं खाद्य घातलेल्या ताटलीवर हवेतले बीजाणू घेऊन ५-७ दिवस वाढवावे लागतात, आणि त्यात फक्त जिवंत असलेलेच उगवतात. मेलेले बीजाणूही ॲलर्जी देऊ शकतात. त्यामुळे ताटली कोरी राहिली म्हणून घर निर्धोक ठरत नाही.

घरी तासभर उघडी ठेवायची ताटली ऑनलाइन मिळते, तिच्यावर आमचा विश्वास नाही. तिच्यावर जड बीजाणू आधी पडतात, किती हवेतून पडले ते कळत नाही आणि काही ना काही उगवतंच. जगात कुठल्याही घराची हवा बीजाणूंवाचून नसते.

"किती आले म्हणजे धोका?" हा प्रश्न प्रत्येक घरी येतो. घरातल्या बुरशीच्या बीजाणूंसाठी आपल्याकडे कायदेशीर मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका काढली, तिच्यातही सुरक्षित आकडा दिलेला नाही; ओल आणि वाढ थांबवा, असंच तिचं सांगणं आहे. कुणी एकच आकडा दाखवून तुमचं घर 'पास' किंवा 'नापास' करत असेल तर त्याला बाहेरचा नमुना कुठे आहे ते विचारा. मुलाचा खोकला यामुळेच आहे का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आम्ही घरातल्या हवेचं सांगू शकतो, छातीतलं नाही. भिंतीवरचा काळा रंग पाहून २०२१ मधल्या 'काळ्या बुरशी'ची भीती अजून अनेकांना वाटते. तो आजार म्युकरमायकोसिस, आणि त्याचं नाव पडलं ते मेलेल्या ऊती काळ्या पडतात म्हणून. ती बुरशी स्वतः काळी नसते. रंगावरून जात ओळखता येत नाही.

नमुने झाल्यावर कपाट. पंखा बंद, जमिनीवर प्लास्टिक, तोंडाला एन-९५, हातात मोजे. मागच्या प्लायला तळाशी १० मिलिमीटरचं भोक पाडून बारीक नळीचा कॅमेरा आत सोडला. प्लाय भिंतीला चिकटवूनच ठोकलेला, मध्ये बोटभरही फट नाही. कॅमेऱ्याच्या उजेडात प्लायच्या पाठीवर हिरवट-करडी मखमल दिसली, खाली दाट आणि वर विरळ होत जाणारी, भिंतीवरच्या आकड्यांच्या उतारालाच जुळणारी. प्लायमध्ये पिना टोचल्या: २४ टक्के. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा त्या मखमलीवर एकदाच दाबून, न ओढता, उचलायचा आणि काचपट्टीवर चिकटवायचा. ओढला की बीजाणूंच्या माळा तुटतात आणि ओळख अवघड होते. प्रयोगशाळेत लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूच्या निळ्या थेंबाखाली ॲस्परजिलसची गोल डोकी दिसली, देठावर कदंबाचं फूल असावं तशी. बीजाणू देठासकट दिसले म्हणजे वाढ तिथेच झाली आहे, नुसती धूळ बसलेली नाही, याची खात्री होते. ज्या ठिकाणी बुरशी डोळ्यांनी दिसते आहे तिथे हवेच्या नमुन्यापेक्षा ही एक पट्टी जास्त बोलते आणि स्वस्तही पडते.

बाथरूमची गळती सिद्ध करायला यंत्र लागत नाही. नहाणी ट्रॅपला बूच बसवलं, उंबऱ्यापर्यंत इंचभर पाणी भरलं, पातळीला पेन्सिलीची रेघ, आणि शेजारी तेवढंच पाणी भरलेलं एक तसराळं. २४ तासांनी तसराळ्यातलं पाणी मिलिमीटरभर उतरलं होतं, ती वाफ. जमिनीवरचं ६ मिलिमीटर. फरक गेला बाथरूमखालच्या खोलगट (संकन) स्लॅबवरच्या, विटांच्या तुकड्यांच्या कोब्यात आणि तिथून भिंतीच्या तळाला. आधी सहाव्या मजल्यावर जाऊन त्यांच्या छताचा फोटो काढून ठेवायचा आणि त्यांना सांगूनच पाणी भरायचं. नाहीतर त्यांच्या छतावर डाग उमटतो आणि भांडण सुरू होतं. नळाची लाइन वेगळी तपासावी लागते: पुरवठा बंद करून हातपंपाने दाब चढवायचा आणि गेजचा काटा अर्धा तास हलतो का ते बघायचं. इथे हलला नाही.

त्याच भेटीत हवेच्या बाकीच्या गोष्टी. कार्बन डायऑक्साइडचं मापक रात्रभर बेडरूममध्ये ठेवलं. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. दोन मोठी माणसं आणि एक मूल, बंद खोली, स्प्लिट एसी. सकाळी सहाला २,१०० होतं. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी आणत नाही, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. एसीचा पंखा टॉर्च मारून पाहिला, पात्यांवर काळा थर. जाळ्या धुतल्या जात होत्या, पण आतला पंखा आणि पाण्याचा ट्रे कुणी काढून धुतला नव्हता. पीएम २.५च्या, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांच्या, स्वस्त मापकांवर पावसाळ्यात भरवसा ठेवू नका. दमट हवेत कण फुगतात आणि प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारं यंत्र ते जास्त मोजतं. फॉर्माल्डिहाइडचं (नव्या फर्निचरमधून सुटणाऱ्या वायूचं) हातातलं यंत्र अत्तराला आणि सॅनिटायझरलाही नाचतं. नव्या फर्निचरचा संशय असेल तर डीएनपीएच नळीत (हा वायू धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या नळीत) हवा ओढून प्रयोगशाळेतच तपासून घ्यावी. प्रयोगशाळेची एनएबीएल मान्यता (प्रयोगशाळांना चाचण्यांसाठी मिळणारी राष्ट्रीय मान्यता) पाहताना ती याच चाचणीसाठी आहे का ते पाहा, पाण्याच्या तपासणीची मान्यता हवेला चालत नाही.

तपासणी करणारा आणि औषध फवारणारा एकच असू नये. फवारणी विकायची असेल तर प्रत्येक डाग भयंकर दिसतो.

अहवालात तीन वेगळी कामं लिहिली. एसीच्या झोताची दिशा बदला, २६ अंशांवर ठेवा, पंखा आणि ट्रे खोलून धुवा. हे त्याच दिवशी. बाथरूमच्या फरशा काढून वॉटरप्रूफिंग, भिंतीवर निदान फूटभर चढवून, ट्रॅपच्या सांध्यासकट; हा खर्च घरमालकाचा. बाहेरची भेग पावसाळ्यानंतर भरायची. पावसाच्या पाण्याची गळती गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार सोसायटीने दुरुस्त करायची असते, म्हणून आकड्यांसकट फोटो सेक्रेटरींना द्यायला सांगितलं. प्लायची पाठ वाचवण्यासारखी नव्हती. ती खोलीतच प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर न्यायची, घरभर मिरवत नाही. टाइल, काच, लोखंड साबणाच्या पाण्याने पुसून वाळवलं की पुरतं. ब्लीच सच्छिद्र प्लायच्या आत पोचत नाही, आणि संडास धुवायच्या आम्लाबरोबर ते मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. हे दोन एकत्र कधीही वापरू नका. डाग साधारण १० चौरस फुटांपेक्षा कमी असेल तर मास्क लावून घरच्या घरी साफ करता येतो, मात्र दम्याच्या माणसाने ते करू नये.

बाथरूमचं काम झाल्यावर लगेच रंगारी बोलवायची घाई होते. भिंत आतून वाळायला कित्येक आठवडे जातात, आणि त्याआधी पुट्टी लावली की ओल आत कोंडते आणि पापुद्रे परत सुटतात. नवं कपाट बसलं तरी भिंतीपासून दोन इंच सोडून, खाली-वर हवेला वाट ठेवून. दर पंधरा दिवसांनी त्याच पेन्सिलीच्या खुणांवर मापक टोचायचं. ३१चे २२, २२चे १५, आणि शेवटी हॉलच्या भिंतीइतके ९ किंवा १० आले की मगच रंग. तोवर त्या खुणा आणि आकडे भिंतीवर तसेच राहू द्या.